मुदत नसलेलं भरतकाम : कपाशीच्या एका फांदीपासून सुरुवात

आपल्याकडे खान्देशात भरतकाम बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नाच्या तारखेला बांधलेलं असतं. साखरपुडा झाला की रुखवताची यादी निघते. उशीचे अभ्रे, ताटावरचे रुमाल, चौरंगावरचं आसन, दारावरचं तोरण. वैशाखातली तिथी गाठायची म्हणून मुलगी, तिची आई, मावशी आणि शेजारच्या वहिनी रात्री जागून मोराचा पिसारा पुरा करतात. मांडवात लोक ते सगळं पाहतात, कौतुक करतात, आणि पुढे ते पेटीच्या तळाशी जातं. त्या कामात माया असते, कसब असतं, पण विसावा क्वचितच असतो. म्हणूनच हाताला चांगलं भरतकाम येणाऱ्या बाईलाही ‘मन निवांत करायला भरत’ म्हटलं, तर ती म्हणते, आणखी एक काम कशाला मागे लावून घेऊ?

हा लेख अशा बायांसाठी आहे. ज्यांनी शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासानंतर सुई हातात धरली नाही, त्यांच्यासाठीही आहे, मग त्या बाया असोत वा पुरुष. माझं म्हणणं एवढंच आहे की एक लहानसं काम असं घ्यावं, ज्याला तारीख नाही, मांडव नाही आणि पाहुण्यांची नजर नाही. ते कसं निवडायचं, सामान काय घ्यायचं, टाका कसा घालायचा आणि थांबायचं कुठे, हे क्रमाने सांगते. नमुना म्हणून आपल्याच शेतातली कपाशीची फांदी घेतली आहे.

विसावा येतो कुठून

भरतकामात सुई खालून वर येते, वरून खाली जाते, आणि तेच पुन्हा. हालचाल एका चालीत पडली की श्वासही त्या चालीवर येतो. दोन्ही हात गुंतलेले असल्याने मोबाइल आपसूक बाजूला पडतो. डोक्यात विचार येत राहतात, पण दर चार-सहा टाक्यांनी धागा पाहावा लागतो, जागा हेरावी लागते, त्यामुळे कुठलाच विचार फार लांबवर ओढून नेत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरातलं बहुतेक काम टिकत नाही. भाकरी खाऊन संपते, झाडलेल्या अंगणात संध्याकाळी पुन्हा धूळ येते, धुतलेले कपडे दुसऱ्या दिवशी पुन्हा बादलीत. आज घातलेला टाका मात्र उद्याही तिथेच असतो. दिवसभर राबणाऱ्या माणसाला आपल्या हातची एखादी गोष्ट जागच्या जागी राहिलेली पाहणं, यानेच अर्धा थकवा जातो.

भरतकाम हे औषध मात्र नव्हे. कित्येक दिवस झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, छातीत सतत धडधड होत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. सुई-दोरा त्यानंतर सोबतीला असू द्यावा.

वेळ आणि बसण्याची जागा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत भरतकाम करायचं तर सकाळीच, ऊन तापायच्या आत. दुपारी कूलरसमोर बसून भरायचा मोह होतो, पण समोरून येणाऱ्या दमट वाऱ्याने कापड सैल पडतं आणि सुटे धागे उडून एकमेकांत गुंततात. कूलरच्या बाजूला बसा, झोत अंगावर येऊ द्या, हातावर नको. घामाचे हात ही आपल्याकडची मोठी अडचण. पांढरा धागा दोन दिवसांत मळकट होतो आणि सुई काळवंडते. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि मांडीवर एक सुती नॅपकिन ठेवावा. काहीजणी हाताला पावडर लावतात, पण ती धाग्यावर बसते. नॅपकिन बरा.

पावसाळ्यात उजेड कमी असतो, तेव्हा खिडकीची जागा धरा. खरा भरतकामाचा मोसम म्हणजे मार्गशीर्ष-पौष. दुपारी ओट्यावर किंवा गच्चीत कोवळं ऊन पाठीवर घेऊन बसता येतं, हात कोरडे असतात आणि उजेड स्वच्छ असतो.

उजव्या हाताने भरणाऱ्यांनी उजेड डावीकडून येईल असं बसावं, डावखुऱ्यांनी उलट. म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. खाली बसायचं तर पाठ भिंतीला टेकवा आणि मांडीवर उशी घ्या. काम वर आलं म्हणजे मान खाली झुकवावी लागत नाही. मान दुखायला लागली की भरतकाम शिक्षा वाटू लागतं, आणि पुष्कळ जणी नेमक्या तिथेच ते सोडून देतात.

रोज वीस मिनिटं ते अर्धा तास पुरे. रविवारी चार तास एका बैठकीत भरण्यापेक्षा रोजचा थोडा वेळ मनाला जास्त मानवतो. कोणती वेळ, हे घराच्या रगाड्यावर ठरेल. मला स्वतःला जेवणं आटोपल्यावर, ओटा पुसून झाल्यावरची वेळ आवडते, कारण तेव्हा कुणाची हाक येत नाही. पण रात्री भरायचं तर टेबललॅम्प हवा. छताच्या ट्यूबखाली बारीक टाके घालू नयेत, डोळे ओढले जातात.

सामान : थोडं आणि बरं

जळगावच्या फुले मार्केटमध्ये, धुळ्याच्या आग्रा रोडवर, किंवा तुमच्या तालुक्याच्या गावी मॅचिंग सेंटर आणि बांगड्या-लेस विकणाऱ्या दुकानांत हे सगळं मिळतं. तयार किटचा खोका पहिल्या वेळी घेऊ नका. त्यात वीस रंग असतात आणि नक्षी दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली असते.

कापड सुती घ्या. पॉपलीन किंवा केसमेंट उत्तम. केसमेंट जरा जाड, त्यामुळे सुरुवातीच्या हाताने धागा जास्त ओढला तरी चुणी पडत नाही. मांजरपाट स्वस्त आणि सरावाला चांगला, पण त्याला खळ असते, म्हणून आधी धुवावा. मॅटीचं कापड क्रॉस टाक्यासाठी, या कामाला नको. सिंथेटिक साडीचा उरलेला तुकडा तर मुळीच नको, सुई घसरते आणि रिंगमध्ये, म्हणजे कापड धरणाऱ्या दोन गोल कड्यांमध्ये, ते ताणून राहत नाही. आपल्या नक्षीत पांढरं बोंड आहे, म्हणून कापड पांढरं न घेता फिकट निळं, बदामी किंवा मातकट घ्या. मातकटावर पांढरा कापूस फार उठून दिसतो. दहा इंच बाय दहा इंच एवढा तुकडा पुरे.

धागा सहा पदरी सुती घ्यावा. अँकर कंपनीची लडी साधारण आठ मीटरची असते आणि तिचे पदर सुटे करता येतात. दुकानदार रेयॉनचा चकचकीत धागाही दाखवेल. तो दिसतो सुंदर, पण निसटतो, गाठ धरत नाही आणि नवशिक्याचा सगळा धीर खाऊन टाकतो. रंग सहा घ्या : पांढरा, साईचा, फिकट गुलाबी, गडद हिरवा, पोपटी आणि तपकिरी. अगदी एकाच रंगाचे दोरे दुकानात थोडे वेगवेगळ्या छटांचे असतात, तेव्हा लड्या दारापाशी उजेडात नेऊन पाहा. ट्यूबलाइटखाली हिरवे रंग फसवतात.

सुई भरतकामाची मागा. हिचं नेढं लांबट असतं. आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. दोन-तीन पदरांसाठी ७ किंवा ८ नंबर घ्या. रिंग लाकडी, सहा इंची, स्क्रूची. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळून तिची टोकं शिवून टाका. कापड घट्ट बसतं आणि त्यावर कड्याची खूण उमटत नाही. दोन रुपये न लागता होणारं हे काम आहे, तरी बहुतेकजण करत नाहीत. कात्री लहान, टोकदार, आणि ती घरात दुसऱ्या कामाला द्यायची नाही. कागद कापला की तिची धार गेली.

कापडाची तयारी

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. भरून झाल्यावर आटलं तर टाक्यांभोवती सुरकुत्या पडतात आणि त्या कधीच जात नाहीत. म्हणून आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कडांना कच्चा धावदोरा घाला, म्हणजे सूत सुटत नाही.

गडद रंगाच्या धाग्यांची परीक्षाही आत्ताच करावी. लाल, किरमिजी, गडद निळा वगैरे धाग्याचं टोक कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर दाबा. डाग उमटला तर तो धागा या कामात वापरू नका.

नक्षी : फांदीकडे आधी नीट पाहा

पुस्तकातली गुलाबाची वेल उतरवण्याऐवजी कपाशी घ्या म्हणते, त्याला कारण आहे. आपण जन्मभर कपाशी पाहतो, पण बहुतेक वेळा भावाच्या हिशेबाने पाहतो. भरण्यासाठी पाहिली की ती निराळीच दिसते.

जूनमध्ये लावलेली कपाशी श्रावण-भाद्रपदात पात्या-फुलांवर (पातं म्हणजे कपाशीची कळी) असते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटू लागतात. मधल्या काळात एकाच फांदीवर पातं, फूल, हिरवं बोंड आणि फुटलेलं बोंड असं सगळं सापडतं. शेतावर जा, नाहीतर कुणाला एखादी फांदी आणायला सांगा. पात्याभोवती कातरलेल्या कडांची तीन हिरवी पानं असतात. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या अमेरिकन वाणाचं फूल उमलतं तेव्हा साईच्या रंगाचं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. देशी कपाशीचं फूल पिवळं असतं. फुटलेल्या बोंडात कापसाच्या चार-पाच फाका असतात आणि खाली तपकिरी, टोकदार टरफल. पान पंजासारखं, तीन किंवा पाच टोकांचं, शिरा ठळक.

आता कागदावर सहा इंचांच्या वर्तुळात पेन्सिलने काढा : एक वाकडी दांडी, तिच्यावर दोन पानं, एक साईचं फूल, एक गुलाबी, एक पातं आणि एक फुटलेलं बोंड. चित्रकला येत नसेल तर पान कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासा, शिरा आपोआप उमटतात. फुलाला बाजूने पाहिलेल्या तीन पाकळ्या पुरे. बोंड दीड-दोन सेंटिमीटरचं ठेवा. रेघा कमी असाव्यात, कारण कागदावर सुंदर दिसणारा बारीक तपशील सुईला झेपत नाही.

नक्षी कापडावर उतरवायची सोपी रीत खिडकीची. सकाळच्या उजेडात काचेवर कागद चिकटवा, वर कापड चिकटवा, आणि दिसणाऱ्या रेघेवरून बारीक पेन्सिल हलक्या हाताने फिरवा. कापड जाड असेल तर शिंप्याचा पिवळा किंवा निळा कार्बन वापरा. कार्यालयातला काळा कार्बन कापडावर तेलकट डाग पाडतो. पाण्याने जाणारं निळं पेनही मिळतं, ते चांगलं आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. घामेजल्या हाताने मे महिन्यात रेघ काम अर्धवट असतानाच पुसून जाते. आणि धुण्याआधी इस्त्री फिरवली तर तीच रेघ पक्की बसते. काही दुकानांत भोकं पाडलेल्या खाक्यावरून नक्षी छापून देतात. साडीसारख्या मोठ्या कामाला ते सोयीचं, या तुकड्याला गरज नाही.

रिंग लावणं, धागा घेणं, सुरुवात करणं

आतलं कडं खाली, त्यावर कापड, वर बाहेरचं कडं. स्क्रू थोडा आवळा, कापड चहूबाजूंनी उभ्या-आडव्या सुताच्या दिशेने ओढा, मग पुरता आवळा. तिरकं ओढलं तर नक्षी वाकडी होते. बोटाने टिचकी मारल्यावर कापड टणक लागलं पाहिजे. बैठक संपली की रिंग रोज काढून ठेवायची. आठवडाभर तशीच राहिली तर वळ पडतो, आणि धूळही नेमकी त्या वळात बसते. सुईही कापडात टोचून ठेवू नये, गंज उतरतो.

धागा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत घ्या, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांब धागा घेतला की तो गुंततो, पिंजतो, आणि वाचवलेला वेळ सोडवण्यात जातो. सहा पदरांतून एकेक पदर सरळ वर ओढून सुटा करा आणि मग हवे तेवढे पदर पुन्हा एकत्र धरा. दोन पदर एकदम ओढले की उरलेल्यांचा गुंता होतो. एकेक सुटा केलेला धागा कापडावर सपाट आणि भरीव बसतो.

मागे गाठ मारू नका. धाग्याचं दोन-तीन सेंटिमीटर टोक मागे बोटाने धरा आणि पुढचे टाके त्याच्यावरून जाऊ द्या. संपवताना मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवून धागा कापा. गाठी कपड्यावर टोचतात आणि इस्त्रीनंतर पुढून उंचवटे दिसतात. भरता भरता धाग्याला पीळ चढतो, मधूनमधून सुई खाली सोडून लोंबकळू द्या, पीळ आपोआप उतरतो.

टाके : चार पुरेत

दांडी टाका. दांडीसाठी हाच. तपकिरी आणि हिरव्याचा एकेक पदर एकत्र घ्या, दांडीला खरा रंग येतो. डावीकडून उजवीकडे जायचं. रेघेच्या टोकाला सुई वर काढा. रेघेवर अर्धा सेंटिमीटर पुढे खाली घाला आणि त्या टाक्याच्या मध्यावर वर काढा. धागा कायम रेघेच्या खालच्या बाजूला ठेवायचा. पुढचा टाका तेवढाच पुढे, आणि सुई वर येईल ती मागच्या टाक्याच्या टोकाशी. धागा एकदा वर, एकदा खाली राहिला की दोरीचा पीळ मोडतो, एवढंच सांभाळा. वळणावर टाके लहान करा. हा टाका मनाला फार लवकर चालीत आणतो, म्हणून दिवसभर डोकं शिणलेलं असेल त्या दिवशी नवीन काही न करता दांडी भरा.

उलटी टीप. पानाची कड आणि शिरा यानेच. दोन पदर. सुई एक टाका पुढे वर काढायची, मागच्या टाक्याच्या टोकाशी खाली घालायची. मशीनच्या टिपेसारखी सलग रेघ येते. कपाशीचं पान मोठं असतं, ते सगळं भरून काढायच्या फंदात पडू नका. कड गडद हिरवी, शिरा पोपटी, मधलं कापड मोकळं. मोकळ्या जागेमुळेच पान हलकं दिसतं. पात्याच्या कातरलेल्या कडांना एकेक लहान सरळ टाका पुरे.

सॅटिन. पाकळ्यांसाठी. आधी पाकळीच्या कडेने बारीक उलटी टीप घाला, मग तिच्यावरून एकाला लागून एक समांतर टाके. सुरुवात पाकळीच्या मधोमध करा, आधी एक अर्धं भरा, मग दुसरं. टोकापासून सुरू केलं तर शेवटी टाके तिरके होत जातात. टाका एक सेंटिमीटरपेक्षा लांब नको, नाहीतर बांगडीला अडकतो. पाकळी रुंद असेल तर मध्ये दुभागा. दोन पदर, आणि धागा ओढायचा तो नुसता कापडावर टेकेपर्यंत. सॅटिनला घाई अजिबात चालत नाही. मन उतावीळ असेल त्या संध्याकाळी ते हाती घेऊ नये.

फ्रेंच नॉट. हा टाका बोंडाचा जीव आहे, म्हणून याच्यावर थोडा जास्त वेळ घालवा. नवशिक्यांना याचीच धास्ती असते, आणि एकदा जमला की याच्याइतका आनंद दुसरा कुठलाच टाका देत नाही. पांढऱ्याचे तीन पदर घ्या. सुई वर काढा. डाव्या हाताच्या चिमटीत धागा कापडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर ताणून धरा. सुईचं टोक धाग्याजवळ आणा आणि धागा सुईवर दोनदा गुंडाळा. आता सुईचं टोक जिथून वर आलात त्याच्या अगदी शेजारी ठेवा. त्याच भोकात घातली तर गाठ मागे निघून जाते. सुई अर्धवट आत असताना डाव्या हाताने धागा ओढून वेढे सुईवरून कापडापर्यंत खाली सरकवा. धागा ताणलेलाच ठेवून सुई खालून ओढून घ्या. शेवटचा लूप आत जाईपर्यंत धागा सोडायचा नाही. सगळी गोम इथेच आहे, आणि गाठ सैल पडली तर नव्वद टक्के वेळा धागा लवकर सोडलेला असतो.

मोठी गाठ हवी तर वेढे वाढवू नका, पदर वाढवा. तीन-चार वेढ्यांची गाठ एका बाजूला कलंडते. बोंडाची एकेक फाक अशा गाठींनी गच्च भरा. कडेच्या गाठी दोन पदरांच्या, मधल्या तीन पदरांच्या केल्यात तर फाक फुगीर दिसते. दहा-बारा पांढऱ्या गाठींमागे एखादी साईच्या रंगाची घाला, कापसाला सावली येते. शेवटी खाली तपकिरी धाग्याने टरफलाची टोकं सरळ टाक्यांनी काढा.

पहिल्या संध्याकाळी नक्षीवर न जाता मांजरपाटाच्या तुकड्यावर चारही टाके घालून पाहा. तो तुकडा जपून ठेवा, पुढे कधी विसरलात तर तोच पुस्तक होईल.

बसल्यावर काय करायचं

सुई हातात घेण्याआधी काम मांडीवर ठेवून अर्धा मिनिट नुसतं पाहा. काल कुठे थांबलो, आज कुठला भाग, हे ठरवा. एका बैठकीला एकच भाग घ्या : एक पाकळी, एक फाक, चार बोटं दांडी. भाग संपला की थांबा, मन आणखी मागत असलं तरी. उद्या पुन्हा बसावंसं वाटण्यासाठी हे फार उपयोगी पडतं. माझी सवय अशी की पुढच्या भागाचा पहिला टाका घालून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करू, हा प्रश्नच उरत नाही.

श्वास मुद्दाम मोजायची गरज नाही. सुई वर येताना आत, धागा ओढताना बाहेर, असं दोन-चार टाके करून पाहा. पुढे ते आपोआप होतं. टीव्हीवरची मालिका पाहत भरू नका, नजर दोन्हीकडे धावते. गाणी, आकाशवाणी, कुणाशी गप्पा, हे सगळं चालतं.

टाका उसवायचा की नाही, यावरून पुष्कळांचा जीव जातो. मी एक नियम पाळते : हातभर अंतरावर धरून खटकलं तर उसवायचं, नाकाजवळ धरून खटकलं तर सोडून द्यायचं. उसवताना टाके मागच्या बाजूने एकेक कापा आणि पुढून काढा. सुईने उलटं ओवत परत जाऊ नका, कापडाला भोकं पडतात. हाताच्या कामात टाके थोडे लहान-मोठे होणारच, मशीनशी बरोबरी करायची असती तर मशीनवरच बसलो असतो.

एकत्र बसून भरण्याचा आनंद निराळा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात. झोके, गाणी, आमरस सगळं होतं. सकाळच्या गारव्यात चौघी-पाचजणी ओट्यावर एकेक रिंग घेऊन बसल्या तर शेजारची आजी ‘काय करी ऱ्हायनी व बाई?’ म्हणत येते, आणि तिच्या हाताला चाळीस वर्षांपूर्वीचे टाके आठवतात. मात्र अशा वेळी कुणाचं काम कुणापेक्षा चांगलं, हा विषय काढू नये. रुखवताच्या टेबलावर तो पुष्कळ होतो.

घरातल्या मुलग्यांनाही रिंग द्या. बटण तुटलं की आईकडे धावण्यापेक्षा सुई हातात असलेली बरी, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलालाही फ्रेंच नॉट जमतो.

डोळे आणि हात

दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावं, हा सल्ला नेत्रतज्ज्ञ संगणकावर काम करणाऱ्यांना देतात. बारीक टाक्यांनाही तो लागू आहे. अंगणातला कडुनिंब वीस फुटांवर सहज असतो. चाळिशी लागली असेल तर जवळचा चष्मा लावूनच बसा. न दिसणारं नेढं आणि डोकेदुखी सोसण्यात काही शहाणपण नाही. सुई ओवण्याची पातळ तारेची पट्टी मिळते, ती घ्या. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर रिंग घट्ट धरून ठेवायची सवय लागली आहे असं समजा. रिंगची कड टेबलाला किंवा उशीला टेकवा, पकड आपोआप सैल होते.

काम पुरं झाल्यावर

कोमट पाण्यात साधा सौम्य साबण घालून तुकडा दहा मिनिटं बुडवा, चोळू नका, पिळू नका. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्यात करा, म्हणजे क्षारांचे पांढरट डाग राहत नाहीत. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. आपल्या उन्हात रंग फार लवकर उडतात.

इस्त्री उलट्या बाजूने. खाली जाड टॉवेलाच्या दोन घड्या, त्यावर काम उपडं. पुढून इस्त्री फिरवली की सगळ्या फ्रेंच नॉट चपट्या होतात आणि इतक्या संध्याकाळींची मेहनत सपाट होते.

मग त्याचं काय करायचं? मी म्हणेन, वापरा. पाण्याच्या तांब्यावरचा रुमाल करा, पिशवीवर खिसा म्हणून लावा, उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यात शिवा. रोज हाताखाली येणारं काम पेटीतल्या कामापेक्षा अधिक समाधान देतं. घडी घालून ठेवायचंच असेल तर सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशीचे ठिपके पडतात.

यानंतर

दुसऱ्या तुकड्याला केळफूल घ्या. रावेर-यावलकडे ते शोधावं लागत नाही. किरमिजी रंगाच्या एकावर एक पाकळ्या सॅटिनला उत्तम, फक्त रंग जाणार नाही याची परीक्षा आधी करा. नुसती चाल हवी असेल, नक्षी नको, तर गोधडीचा धावदोरा घ्या. दोन जुन्या सुती साड्यांचे तुकडे एकमेकांवर ठेवून कडेकडेने आत येत चौकोनात चौकोन घालत जायचं. मोजायचं नाही, आखायचं नाही, आणि डोळ्यांनाही ताण नाही. फार दमलेल्या माणसाला मी आधी हेच सांगते.

चाळीसगाव, जामनेर भागातल्या बंजारा तांड्यांवर कुणी ओळखीचं असेल तर जुन्या बायांचा फेटिया (घागरा) आणि काचळी (चोळी) पाहायला मिळते का, ते विचारा. आरसे, कवड्या आणि टाक्यांची दाटी पाहा, आणि परवानगी मिळाली तर उलटी बाजूही पाहा. हात किती बसलेला आहे, हे तिथे कळतं. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, ते कुणाच्या तरी अंगावरचं वस्त्र आहे. आरसा बसवायचा झाला तर तो कापडावर धरून त्याच्यावरून दोन उभे, दोन आडवे धागे घट्ट घालायचे आणि त्या चौकटीला काज टाक्याने गोल वेढत जायचं. हे काम तिसऱ्या-चौथ्या तुकड्यावर घ्या. त्याला धागा ताणून धरण्याचा अंदाज लागतो, आणि कपाशीचं एक बोंड गाठींनी भरून झालं असेल तर तो अंदाज तुमच्या डाव्या हाताला आलेला असेल.